मान धरण्याआधी

आबा,

आज रविवार. खामगावला वर्ग होता, तो आटोपून आत्ताच घरी आले आणि पाय वर घेऊन बसले आहे. पाच तास उभं राहून बोललं की आता पाय सुजतात, घसा बसतो. दुपारचे साडेचार झालेत आणि अजून जेवण झालेलं नाही, पण उठून वाढून घ्यायचाही कंटाळा आला आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "इतकं बोलून कोनाचं हाड बसते काय, माय?" नाही बसत, आबा. पाच वर्षं झाली महिन्यातून एक रविवार बोलते आहे, आणि परत येताना दर वेळी वाटतं की हे शेवटचं. मग पुढच्या महिन्यात पुन्हा शाळेच्या त्या खोलीत जाऊन बाकं सरकवते.

कसला वर्ग, ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही गेल्यावरच हे सगळं आपल्याकडे आलं. तुमच्या वेळी मान धरली, पाठ धरली की लोक तुमच्याकडे यायचे, किंवा तुमच्यासारख्या दुसऱ्या कुणाकडे. आता कायरोप्रॅक्टर असतात. मणक्याला हाताने नेमका झटका देऊन सांधे मोकळे करणारे. काही नीट शिकून आलेले असतात, काही आठ दिवसांचा कोर्स करून भिंतीवर प्रमाणपत्र लावून बसलेले असतात. लोक मोबाईलवर व्हिडिओ बघतात, मान फिरवली की कटकन आवाज येतो, पडलेला माणूस हसत उठतो, आणि मग प्रत्येकाला तोच आवाज आपल्या मानेतून ऐकायचा असतो. माझ्या वर्गात हे कायरोप्रॅक्टर येतात, माझ्यासारखे फिजिओथेरपीवाले येतात, मोताळ्याकडचे दोन हाड बसवणारे येतात, आणि एक सलूनवाला येतो, जो दाढी झाली की गिऱ्हाइकाची मान उजवीकडे-डावीकडे मोडून देतो. आज सतरा जण होते.

त्यांना मी मान कशी फिरवायची ते शिकवत नाही. ते त्यांना येतं. मी एवढंच शिकवते की मान धरण्याआधी थांबायचं, आणि समोर बसलेल्या माणसाला झटका येऊ घातला आहे का, ते बघायचं. झटका म्हणजे मेंदूचा, आपल्याकडे ज्याला लकवा म्हणतात तो. मानेच्या दोन्ही बाजूंनी रक्ताच्या नळ्या मेंदूकडे जातात, त्यातल्या दोन तर मणक्यांच्या भोकांतूनच वर चढतात. गाडी खड्ड्यात आदळली, मानेला हिसका बसला, किंवा काही न होताही कधी कधी त्या नळीला आतून चीर पडते. सुरुवातीला त्या माणसाला फक्त मान दुखते. डोकं मागून ठणकतं. तो कुठे जाणार? मान बघणाऱ्याकडेच येणार. आणि अशी मान जर कुणी जोरात फिरवली, तर चिरेपाशी साकळलेली गाठ सुटून मेंदूत जाऊ शकते. म्हणून आधी विचारायचं. असं दुखणं यापूर्वी कधी झालं होतं का? चक्कर येते का, तोल जातो का, एकाचे दोन दिसतात का, घास गिळताना अडकतो का, जीभ जड वाटते का? बीपी आहे का, साखर आहे का, तंबाखू किती? घरात कुणाला लकवा झाला होता? मग बीपी मोजायचं, त्याला चार पावलं चालायला लावायचं, चेहरा बघायचा, पापणी बघायची. जरा जरी शंका आली तरी हात लावायचा नाही, दवाखान्यात पाठवायचं, आणि तेही लगेच.

एवढं सांगायला पाच तास कशाला लागतात, असं तुम्हाला वाटेल. ऐकणाऱ्यांना पटत नाही म्हणून लागतात. आज एक कायरोप्रॅक्टर मागच्या बाकावरून म्हणाला, "मॅडम, इतकं इचारत बसलो त् पेशंट उठून बाजूच्याकडे जाईन." सगळे हसले. मीही हसले. मग मी त्यांना धामणगावची गोष्ट सांगितली, जी दर वेळी सांगते. एका गावात हाड बसवणारा एक माणूस होता, फार चांगले हात होते त्याचे, आणि त्याच्याकडे एक दिवस अंगणवाडीतली बाई आली.

तुमचे हात खरंच चांगले होते, आबा. सकाळी वावरात जाण्याआधी ओसरीवर माणसं बसलेली असायची. बैलाने लाथ मारलेला गडी, बाभळीवरून पडलेलं पोर, मोटेवर खांदा निखळलेला म्हातारा. आई चुलीपाशी भाकरी थापता थापता तुम्हाला तिळाचं तेल कोमट करून द्यायची, वाटी पदरात धरून. बांबूच्या कामट्या तुम्ही स्वतः तासायचे, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत करायचे, की लेकराला टोचू नये. मी सात-आठ वर्षांची असेन, तेव्हा तुम्ही माझे डोळे पंचाने बांधले आणि माझ्या हातात आधी माझंच मनगट दिलं, मग भावाचं. "आता सांग, कोन्तं सुजलं हाय?" मी बोटं फिरवत राहिले. तुम्ही घाई केली नाही. मी भावाचं म्हटलं, तेव्हा तुम्ही आईला हाक मारून म्हणालात, "अवं, पोरीचे हात पाह्यते." हात पाहतात, असं. नागपूरला फिजिओथेरपीला नंबर लागला तेव्हा नातेवाईक म्हणाले मुलीला इतक्या दूर कशाला, तेव्हा तुम्ही तेच वाक्य त्यांना ऐकवलंत आणि विषय संपवलात.

मी दुसऱ्या वर्षाला होते, दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली. कापसाची वेचणी चालू होती. दोन वर्षांत चार जाड पुस्तकं वाचून झाली होती आणि मला वाटत होतं की मला सगळं कळतं. ती अंगणवाडीतली बाई यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही एका गड्याचा घोटा बघत होता. ओसरीवर पाच-सहा माणसं होती. मी मध्येच म्हणाले, "आबा, याचा एक्स-रे काढल्याशिवाय ओढू नका." तुम्ही थांबलात. मान वर करून माझ्याकडे बघितलंत आणि सगळ्यांच्या देखत म्हणालात, "दोन वर्सं शिकली त् बापाले शिकवते काय? इथं बसाचं असीन त् पाह्यजो. बोलू नोको." माणसं हसली. माझे कान तापले. मी उठून आत गेले आणि त्या रात्री जेवले नाही. आई दोनदा बोलवायला आली. तुम्ही आला नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई आली. शेजारच्या गावच्या अंगणवाडीत होती, पस्तिशीची, हिरवं लुगडं, केसांना चोपून तेल. दीर तिला मोटारसायकलवर घेऊन आलेला. तुम्ही मागे गोठ्यात होता. दीर तुम्हाला बोलवायला गेला आणि मी तिला ओसरीवर बसवून पाणी दिलं. मी अजूनही तशीच फुगलेली. पुस्तक मांडीवर होतं. ती म्हणते, "बाई, परवा गाडी खड्ड्यात आपटली, तवापासून ही मान अशी दुखून राह्यली का इचारू नोको. आजलोक असं दुखलं नाही मले." मी हो म्हणते. ती पाण्याचा तांब्या ठेवते, तो पायरीवर ठेवायचा तर पायरीच्या बाजूला ठेवते आणि तो कलंडतो. ती हसते. "पाह्य, एकाच्या दोन पायऱ्या दिसून राह्यल्या. सकायपासून तोलबी जाते." मी तांब्या उचलते. मला आठवतं, मी तिला म्हटलं, "जेवली नसशील ताई, थकवा असेल."

मग तुम्ही येता, हात धुता, पंचाला पुसता. तिच्या मागे बसता. मानेवरून बराच वेळ बोटं फिरवता. नंतर विचारता, "चक्कर-गिक्कर येते काय, बाई?" ती माझ्याकडे बघत नाही. ती म्हणते, "नाही भाऊ. फक्त मान. आज सायबीन येऊन राह्यल्या अंगणवाडी तपासाले, मले अकरा वाजेलोक पोचाचं हाय. तेवढी मोकयी करून द्या." तुम्ही माझ्याकडे एकदा बघता. मला आजही ते बघणं दिसतं. कदाचित तुम्हाला फक्त तेलाची वाटी हवी होती. मी वाटी देते. बोलू नको म्हटलं होतं ना, असं माझ्या मनात येतं, अगदी याच शब्दांत. मी बोलत नाही.

तुम्ही डावा हात तिच्या हनुवटीखाली घातला, उजवा कवटीमागे, आणि फिरवलीत. आवाज आला. ती म्हणाली, "हां, मोकयं झालं." उभी राहिली. मग खाली बसली. मग ओकली. आई साखर-मीठ घालून पाणी घेऊन आली, पण ते पाणी तिच्या नाकातून बाहेर आलं. ती काहीतरी बोलत होती आणि आम्हाला एक शब्द कळत नव्हता. तुम्ही तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलात. कुणी म्हणालं उन्हाचं लागलं, कुणी म्हणालं बाहेरचं काही असेल, म्हातारी माणसं कांदा आणा म्हणाली. दोन तास असेच गेले. मी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, मीसुद्धा तिच्या तळपायाला कांदा चोळला. शेवटी तुम्हीच ओरडलात की जीप आणा. तुम्ही तिच्यासोबत बुलढाण्याला गेलात, तिथून अकोल्याला, आणि तिसऱ्या दिवशी परत आलात. अंगावर तेच कपडे होते. आईने विचारलं तेव्हा म्हणालात, "जगली."

त्यानंतर तुम्ही कुणाची मान धरली नाहीत. लोक म्हणायचे, तिच्या नशिबात लकवा होता, भाऊंचा काय दोष. मी नागपूरला परत गेले. पुढच्या वर्षी एका तासाला सरांनी फळ्यावर मानेतून जाणारी ती नळी काढली, तिला चीर पडली की माणूस कसा दिसतो ते एकेक सांगितलं, आणि मी वही मिटून बाहेर गेले. त्यांनी त्या बाईचंच वर्णन केलं होतं. तांब्यासकट, म्हणायला हवं. वसतिगृहात दोन दिवस पडून राहिले. तिसऱ्या दिवशी एसटीने घरी आले, आणि आबा, मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. ओसरीवर माणसं होती. मी पिशवीही खाली ठेवली नाही. म्हणाले, "तिला लकवा झाला नव्हता. तुम्ही केलात. तिची नळी फाटली होती आणि तुम्ही तिची मान फिरवलीत. न विचारता, न बघता." तुम्ही विचारलं होतंत, ते मी ऐकलं होतं, तरी. तुम्ही एका पोराच्या हाताला पट्टी बांधत होता. ती पूर्ण बांधलीत. गाठ मारलीत. पोराच्या बापाला म्हणालात, "पंधरा दिवस हालवू देऊ नोको." मग उठून वावरात गेलात.

त्या दिवशी मला वाटलं तुमच्याकडे उत्तर नाही. आईने मला तुमची माफी मागायला लावली नाही, पण ती आठवडाभर माझ्याशी बोललीही नाही. वर्षभरात तुम्ही हाडं बसवणंच सोडलं. लोक यायचे, तुम्ही म्हणायचे, "खामगावले जा. डाक्टरले दाखव." कामट्यांचा भारा गोठ्याच्या आढ्याला तसाच होता, मग आईने तो पाणी तापवायला लावला.

माझं शिक्षण संपलं, मी खामगावला दोन खोल्या भाड्याने घेऊन दवाखाना थाटला, तेव्हा तुम्ही पहिल्या दिवशी आलात. टोपी नवीन होती. हातात खोका. बीपी मोजायचं मशीन, पाऱ्याचं, जड. दुकानदाराला विचारून विचारून घेतलेलं. तुम्ही ते टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, "आंधी हे लावत जाजो, मंग इचारत जाजो, मंग हात." एवढंच. मी पट्टा तुमच्याच दंडाला बांधला. तुमचं बीपी वाढलेलं होतं आणि मी गोळ्या लिहून घ्यायला एका डॉक्टरांकडे पाठवलं, तेव्हा तुम्ही हसलात. त्या दिवशी आपण दोघांनी तिथे बसून डब्यातली मुगाची खिचडी खाल्ली. मी तेव्हा काही बोलायला हवं होतं. गर्दी होती, उद्घाटनाचे पेढे होते, तुमची चारची गाडी होती. तीन वर्षांनी तुम्ही गेलात, किडनीने. शेवटच्या आठवड्यात मी तुमच्या पायांना तेल लावत होते आणि तुम्ही माझ्या बोटांकडे बघत होता. तेव्हाही मी बोलले नाही.

तुम्ही गेल्यावर मी पुण्याला जाऊन ही कायरोप्रॅक्टरची विद्या शिकले. का, ते मला सांगता येत नाही. कदाचित तो झटका नेमका काय असतो ते मला माझ्या हातांत बघायचं होतं. वर्षानुवर्षं मी माना धरल्या, विचारून, मोजून, आणि कुणाला काही झालं नाही. नीट शिकल्यावर हेही कळलं की त्या बाईच्या नळीला चीर तुमच्याआधीच, त्या खड्ड्यात पडली असावी, आणि तुम्ही मानेला हात लावला नसता तरी तिला झटका आलाच असता, असंही असू शकतं. नाहीतर नसताही आला. मोठमोठे डॉक्टर यावर अजून वाद घालतात. मी तुमच्या तोंडावर जे इतक्या खात्रीने बोलले होते, ते तसं खात्रीने कुणालाच बोलता येत नाही.

वर्ग सुरू करायचं ठरवलं तेव्हा वाटलं, त्या बाईची गोष्ट सांगायची तर तिला विचारलं पाहिजे. म्हणून मी तिच्याकडे गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती आता साठीची आहे, काठीने चालते, पाणी घोट घोट पिते आणि तरी ठसका लागतो. बोलणं जड आहे, पण कळतं. सुनेने चहा केला. मी म्हणाले, "मी धामणगावच्या भाऊंची मुलगी." ती म्हणाली, "हाव, वयखलं. तांब्या उचलला होता तू." मी कप खाली ठेवला. मी तिला विचारलं, सगळं आठवतं का. ती म्हणाली, "सारं आठोते. तुह्या बापानं इचारलं होतं मले, चक्कर येते काय म्हनून. मी नाही म्हनलं. सायबीन येनार होती ना. माहं चुकलं ते." मग थांबून, श्वास घेऊन म्हणाली, "पन तुले सांगतलं होतं मी."

मी हो म्हणाले. पहिल्यांदाच कुणासमोर तरी हो म्हणाले.

ती म्हणाली, "तुह्या बापालेबी मी हे सांगतलं. अकोल्याहून घरी आनलं मले, त् ते आले होते. बोलता येत नव्हतं मले धड. त्याईनं इचारलं, बाई, आंधी काही झालं होतं काय, तोल-गिल? मी म्हनलं, हो, तुमच्या पोरीले सांगतलं होतं. मंग ते लय वेळ बसले. दर महिन्याले येत होते मंग, हात-पाय हालवून देत. किती वर्सं आले." मी विचारलं, माझ्याबद्दल कधी काही म्हणाले का. तिने मान हलवली. "मी एकडाव म्हनलं होतं, पोरीनं सांगाले पाह्यजे होतं. त् म्हने, मीच बोलू नोको म्हनलं होतं तिले."

आबा, मी तिथून निघाले आणि मोताळ्याच्या स्टँडवर एका बाकावर बसून राहिले. दोन गाड्या सोडल्या. म्हणजे मी पिशवी हातात घेऊन ओसरीवर उभी राहून तुम्हाला बोलले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. सगळ्या माणसांदेखत तुम्ही एकच वाक्य बोलला असता तरी पुरलं असतं, की तुला सांगितलं होतं तिने. पोराच्या हाताला पट्टी बांधता बांधता ते वाक्य तुमच्या तोंडात असेल. तुम्ही गाठ मारलीत आणि उठून गेलात. आणि मला वाटलं, तुमच्याकडे उत्तर नाही.

तुम्हाला वाटेल, हे सगळं कळूनही ही रोज दवाखान्यात जाते, वर्गही घेते. घेते. फार मोठं काही होत नाही त्याने. ज्यांना पाठवायला सांगते त्यातल्या बहुतेकांचा नुसता स्नायू आखडलेला निघतो, आणि ते परत येऊन कायरोप्रॅक्टरला शिव्या देतात, की उगाच घाबरवलं, अकोल्यापर्यंत पळवलं. मग तो मला फोन करून शिव्या देत नाही, पण त्याच्या आवाजात त्या असतात. पण गेल्या पावसाळ्यात एक फोन आला. व्हिडिओ काढणाऱ्यातलाच एक, वर्गात सतत मोबाईल बघत बसणारा. म्हणाला, "मॅडम, एक मावशी आल्या हायत. मान दुखते म्हन्तात कालपासून. एक पापनी अर्धी खाली आली हाय, अन् त्या डोयातली बाहुली बारीक दिसून राह्यली. मी हात नाही लावला. आता काय करू?" मी म्हणाले, पाठव, आत्ता, सोबत जा, वाटेत काही खायला-प्यायला देऊ नको. तो स्वतः गाडीत बसून गेला. नळीला चीर निघाली, मेंदूपर्यंत काही पोचलं नव्हतं. त्या मावशी चालत घरी आल्या. त्याने मला त्यांचा फोटो पाठवला, दारात उभ्या, पदर डोक्यावर. मी तो फोटो बराच वेळ बघितला. आनंद झाला, पण थकवा जास्त वाटला. एवढ्या एका पापणीसाठी किती रविवार गेले.

आज वर्ग संपल्यावर सगळे गेले आणि मोताळ्याकडचा तो म्हातारा हाड बसवणारा मागे राहिला. सत्तरीचा आहे, लिहिता येत नाही, पण प्रत्येक वर्गाला पुढच्या बाकावर बसतो आणि घरी जाऊन नातवाकडून सगळं वहीत उतरवून घेतो. मी फळा पुसत होते. तो म्हणाला, "बाई, तुमी सांगता तो धामनगावचा मानूस मले ठाऊक होता. माह्या लेकाचा खांदा त्याईनंच बसोला. असे हात पाह्यले नाही मंग म्या. त्याईनं काम काऊन सोडलं असीन?" मी फळा पुसत राहिले. मला वाटलं, आता सांगावं. हा एक माणूस, खोली रिकामी, खडूचा धुरळा, कुणीही ऐकणारं नाही.

मी म्हणाले, "वय झालं असेल." तो म्हणाला, "हाव, तेबी हाय." आणि पिशवी उचलून गेला.

आबा, वर्गात मी दर वेळी सांगते की बाईने कुणालाच सांगितलं नाही, म्हणून त्या माणसाला कळलं नाही. ओसरीवर पुस्तक घेऊन बसलेली मुलगी मी त्या गोष्टीतून काढून टाकली आहे. हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, आणि पुढच्या महिन्यात ती मुलगी गोष्टीत येईल असं वचनही तुम्हाला देत नाही. अजून माझी हिंमत होत नाही.